दिनानाथरावांची बर्पी

...आणि वर म्हणतो काय, "काका, एन्जॉय करा!" एन्जॉय! आता तुम्हाला सांगतो, पन्नाशी उलटलेला माणूस रबराच्या चटईवर पालथा पडलाय, नाक चटईला चिकटलंय, चटईला आधीच्या बॅचच्या घामाचा वास येतोय, उजवा हात पोटाखाली अडकलाय, डावा कुठं गेला ते त्याचं त्यालाच ठाऊक नाही, कानाशी स्पीकर धाड धाड धाड धाड करतोय, आणि डोक्याशी एक सहा फुटी पोरगा उभा राहून टाळ्या वाजवत म्हणतोय, एन्जॉय करा! अरे, कशाचं एन्जॉय? माणूस श्वास शोधतोय रे, श्वास! तो आधी सापडू दे, मग एन्जॉयचं बघू!

तो पालथा पडलेला माणूस म्हणजे दिनानाथ खवणेकर. आमच्याच बिल्डिंगमधले, तिसऱ्या मजल्यावरचे. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, पण वसईत येऊन जमाना झाला. जूचंद्रला एका शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क. म्हणजे खुर्चीवरचा माणूस हो! सकाळी बसला की संध्याकाळी उठणार. व्यायाम काय, तर स्कूटरला किक मारणे, आणि गेल्या वर्षी नवी स्कूटर घेतली, ती निघाली बटणवाली! म्हणजे तेही गेलं. पोट आहे. का नसावं? आशालतावहिनींच्या हातचं तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं खाऊन ज्याला पोट सुटत नाही, त्याने डॉक्टरला दाखवावं! त्या पोटाचं आणि दिनानाथरावांचं छान चाललं होतं. दोघंही एकमेकांना त्रास देत नव्हते. कशाला गेले तिथं? चुकलंच त्यांचं, दुसरं काय!

नाही, पण गेले ते असेच नाही गेले. ऐका.

दिनानाथरावांना एकच मुलगी, संपदा. हुशार पोर. कॉम्प्युटरवरचं काम, कंपनी अमेरिकेतली, काम घरूनच. आता अमेरिकेतली कंपनी म्हणजे तिकडे उजाडलं की हिचं ऑफिस उघडणार. आपण जेवूनखाऊन आडवे होतो, तेव्हा ही कानाला हेडफोन लावून कुणालातरी सांगतेय, "हॅलो, गुड मॉर्निंग!" पहाटे काम संपवायची. बाप उठून दात घासायला आला की ही तोंड धुऊन झोपायला निघालेली. संध्याकाळी बाप शाळेतून आला की हिची मीटिंग सुरू, दार बंद. आई निदान दुपारी घरात असायची, तिच्या वाट्याला पोरगी यायची. बाप-लेकीची भेट कुठं, तर बेसिनपाशी! आणि बोलणं काय?

"बाबा, गीझर चालू ठेवलाय."

"बरं."

झालं! दोन वर्षं हे असं. एका घरात राहून माणसं एकमेकांना टूथपेस्ट लावलेल्या तोंडानं भेटतायत!

तर एकदा त्या बेसिनपाशीच संपदा म्हणाली, "बाबा, मी माणिकपूरला एक क्लास लावलाय. व्यायामाचा. काम संपलं की जाते, मग येऊन झोपते. तुम्ही पण चला ना. तिथं जोडीजोडीनं करायचं असतं, मला पार्टनर नाहीये."

दिनानाथरावांच्या तोंडात ब्रश. ते म्हणाले, "हूं?"

"नाही म्हणजे... जिना चढून आलात की किती धाप लागते तुम्हाला."

बस्स! 'पार्टनर नाहीये' हे गेलं बेसिनमधून वाहून, आणि 'धाप' तेवढी राहिली कानात! दिनानाथरावांनी चूळ भरली. "मला? धाप? अगं, कॉलेजात असताना आट्यापाट्यांत मला कुणी धरून दाखवायचं..."

आतून आशालतावहिनींचा आवाज, "अहो, परवा पाण्याचा जार उचलताना मटकन खाली कोण बसलं होतं?"

आता बायकोनं लेकीसमोर असं म्हटल्यावर माणूस काय करणार? तुम्ही काय केलं असतंत? "उद्यापासून येतो," म्हणाले. रागानं म्हणाले, बरं का. रागानं व्यायाम सुरू करू नये माणसानं. चुकलंच त्यांचं, दुसरं काय!

आता तो हॉल कुठं, तर रिक्षा स्टँडच्या पलीकडे, खाली मोबाईलचं दुकान, वर दुसरा मजला. पूर्वी तिथं टायपिंगचा क्लास होता. दिनानाथराव तरुणपणी तिथंच टायपिंग शिकले. तेव्हा तिथून उतरताना फक्त बोटं दुखायची! आता भिंतभर आरसा, जमिनीवर काळ्या चटया, छतापासून लोंबणारे पट्टे, आणि आरशावर मोठ्ठं घड्याळ, लाल आकड्यांचं, उलटं धावणारं. दिनानाथराव गेले ते शाळेच्या वृक्षारोपणाचा टी-शर्ट घालून. त्यावर लिहिलेलं 'झाडे लावा.' पोटामुळे 'झाडे' गेलं एका बगलेकडे आणि 'लावा' दुसऱ्या. आरशात बघितलं आणि म्हणाले, हा कोण? मग लक्षात आलं.

ट्रेनर ॲलिस्टर. इथल्याच गास गावाकडचा पोरगा. वाईट नाही हो, गोड पोरगा, पण आवाज? "गुड मॉर्निंग काका! फर्स्ट टाइम? टेन्शन नाय घ्यायचं! आपण ईझी ईझी करू!" आणि सुरू झालं की! पाय वर, हात वर, जागच्या जागी पळा, वाका, उठा, वळा, परत पळा... दिनानाथरावांच्या कानातून गरम वाफा. डोळ्यांपुढं काजवे. पण माणूस जिद्दीचा, थांबला नाही. शेवटी एकदाचं गाणं थांबलं. दिनानाथरावांनी टॉवेल घेतला, सगळ्यांकडे बघून हात जोडले, ॲलिस्टरला म्हणाले, "छान झाला हं क्लास, थँक्यू," आणि निघाले दाराकडे.

ॲलिस्टर म्हणतो, "काका, कुठे? हा वॉर्म-अप होता!"

वॉर्म-अप! आता तुम्हीच सांगा, इडली खायला हॉटेलात गेलेल्या माणसाला पोट भरल्यावर सांगायचं की ती नुसती चटणी होती? सगळा हॉल हसला. आणि संपदा? ती तर पोट धरून खाली बसली. डोळ्यांतून पाणी तिच्या. दिनानाथरावांनी ते बघितलं. टॉवेल परत ठेवला. मनात म्हणाले, पोरगी मला हसली.

मग आली ती बर्पी. ॲलिस्टर ओरडला, "नाऊ बर्पीज!" दिनानाथरावांना ऐकू आलं बर्फी. खोटं नाही सांगत, माणसाचा चेहरा उजळला! म्हणाले, चला, मधल्या सुट्टीत काहीतरी देतात तरी. तर बघतात तो काय, अख्खा हॉल धाडकन जमिनीवर पडला, छाती टेकवली, पाय ओढून घेतले, उठला आणि उडी मारून टाळी वाजवली! परत पडला! परत उठला! अरे, ही काय शिक्षा आहे? ह्यांनी काय गुन्हा केलाय? दिनानाथरावांच्या मनात आलं, आमच्या शाळेत असं करायला लावलं तर पालक मोर्चा आणतील! "काका, गो गो गो!" दिनानाथराव गुडघ्यावर बसले, मग हातावर आले, मग हळूहळू, भरलेला हंडा जपून ठेवतात तसं पोट चटईवर ठेवलं... ठेवलं ते ठेवलंच. तिथंच तो एन्जॉयचा प्रसंग घडला, सुरुवातीला सांगितला तो.

शेजारच्या चटईवर बेलामिस, म्हणजे बेला टीचर. निर्मळहून स्कूटरवर येतात. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, आता घरची केळी आणि मोगरा बघतात. साठी केव्हाच ओलांडली, केस पांढरेशुभ्र, आणि बाई अशी उडी मारते की चटईला कळत नाही! त्या उडीतल्या उडीत खाली बघून म्हणाल्या, "खवणेकर, श्वास रोखू नका. साठवून घरी न्यायचाय का तो?"

पण खरी गोष्ट पुढंच आहे. जोडीनं करायचे व्यायाम. म्हणजे एकानं पाठीवर झोपायचं, दुसऱ्यानं त्याचे पाय धरून ठेवायचे, झोपलेल्यानं उठून बसायचं आणि दोघांनी हाताला हात मारायचा. परत झोपायचं, परत उठायचं, परत टाळी. आणि मध्ये म्हणे विश्रांती. विश्रांती किती? तुम्ही 'हुश्श' म्हणायला तोंड उघडायचं, 'हु' झाला की भोंगा! त्या लाल घड्याळातून असा आवाज येतो, 'टीईईईं', की पुढच्या जन्मीसुद्धा आठवेल.

तर त्या विश्रांतीत संपदा, बापाचे पाय धरून बसलेली, एकदम हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मला ना तुम्हाला एक विचारायचं होतं..."

टीईईईं!

उठा, टाळी, झोपा, उठा, टाळी. पुढची विश्रांती. "बाबा, ते मी मघाशी म्हणत होते ना, म्हणजे अजून काही नक्की नाही, पण मला..."

टीईईईं!

आणि तिसऱ्यांदा भोंगा नव्हता, तर दिनानाथरावांनी हात वर केला. म्हणजे थांब. म्हणजे मला आत्ता ऐकू येत नाही, मला आत्ता फक्त माझं काळीज ऐकू येतंय. ती म्हणाली, "बरं बरं, नंतर." तुम्ही म्हणाल, मग घरी जाताना बोलायचं! अहो, घरी जाताना ती स्कूटरवर मागं बसायची, रात्रभर जागलेली पोर, अंबाडी रोडला लागेपर्यंत बापाच्या पाठीवर डोकं टेकून झोपलेली असायची! दिनानाथराव स्कूटर इतकी हळू चालवायचे की सायकलवाले पावविक्रेते मागून घंटी वाजवून पुढं जायचे. का, तर खड्ड्यात आपटली तर जागी होईल. घरी आलं की ती अंथरुणात आणि हे आंघोळ, डबा, जूचंद्र. बोलणार कधी?

दुसऱ्या दिवशीचं तर विचारूच नका. माणसाच्या अंगात किती ठिकाणं असतात हे दुसऱ्या दिवशी कळतं. हसलं की दुखतं, शिंकलं की दुखतं, विचार केला की दुखतं! बाथरूममध्ये खाली बसले ते उठेचनात. "अगं ए, हात दे!" आशालतावहिनी बाहेरून, "दाराला कडी आतून आहे, हात काय भिंतीतून देऊ?" शाळेत खुर्चीत बसायचं म्हणजे आधी टेबल धरायचं, मग देवाचं नाव घ्यायचं आणि मग सोडून द्यायचं स्वतःला. मुख्याध्यापिका बाई आल्या, हे उभे राहायला गेले, कंबर अर्ध्यावरच अडकली, बाई म्हणाल्या, "अहो खवणेकर, एवढं वाकून नमस्कार कशाला!"

तरी गेले, बरं का. परत गेले. एक आठवडा गेले, दुसरा गेले. आणि खरं सांगायचं तर, मला त्यांनी हे खूप नंतर सांगितलं, त्यांना ते आवडायला लागलं होतं. व्यायाम नव्हे! व्यायाम कुणाला आवडतो? ती टाळी. उठून बसलं की समोर पोरीचा चेहरा, घामानं डवरलेला, "बाबा, अजून एक, अजून एक!" लहानपणी हे तिला चालायला शिकवायचे तेव्हा अगदी असंच म्हणायचे. आणि परत येतानाचं ते पाठीवरचं डोकं. पण हे कळतं कधी माणसाला?

तर झालं काय. क्लासमध्ये एक संग्राम म्हणून पोरगा, दंड एवढाले, मन साफ. त्यानं एक दिवस व्हिडिओ काढला सगळ्यांचा आणि टाकला इंटरनेटवर. त्यात आपले दिनानाथराव. कोपर टेकवून फळीसारखं सरळ राहायचा तो प्रकार. फळी कसली? वाऱ्यावरची ताडपत्री! पोट थरथरतंय, गाल थरथरतायत, 'झाडे' थरथरतायत, 'लावा' थरथरतंय, आणि शेवटी भप्प! वर संगीत ढोल-ताशाचं आणि खाली लिहिलेलं, 'काका जिंदाबाद.' संग्रामनं कौतुकानं लिहिलेलं हो! पण दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बघतात तो शिक्षकांच्या खोलीत अख्खा स्टाफ एका मोबाईलवर वाकलेला. हे आत आले तशी सगळी माणसं एकदम खिडकीबाहेर बघायला लागली. चित्रकलेच्या सरांनी तर विचारलंच, "खवणेकर, शेवटी ते भप्प झालं ते मुद्दाम का?" मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "तब्येत बरी आहे ना? व्हिडिओ बघून काळजी वाटली हो."

हेही चाललं असतं. हेडक्लार्क माणसाची कातडी जाड असते. पण त्या व्हिडिओत, ह्यांच्या मागं, संपदा दिसत होती. हसताना. तोंडावर हात ठेवून, डोलत डोलत हसताना. दिनानाथरावांनी तो व्हिडिओ शाळेच्या बाथरूममध्ये जाऊन परत बघितला. परत बघितला. म्हणाले, जग हसलं तर हसू दे... पण माझी पोरगी?

आणि त्यांनी क्लास सोडला.

सांगितलं काय? गुडघा! "गुडघा दुखतोय, डॉक्टर म्हणाले आराम करा." डॉक्टरबिक्टर कुणी नाही, मेडिकलवाल्याकडून गुडघ्याला चढवायचा तो पट्टा आणला आणि घालून बसले. पण खोटं बोलायलाही सराव लागतो हो! सोमवारी पट्टा डाव्या गुडघ्याला, गुरुवारी उजव्या! आशालतावहिनी म्हणाल्या, "अहो, दुखणं फिरतं आहे का तुमचं?" दिनानाथराव चपापले. बघतात तर संपदा बेसिनपाशी उभी. तिनंही बघितलं होतं. नॅपकिन दांडीवर टाकला आणि म्हणाली, "बाबा, गीझर चालू ठेवलाय."

"बरं," हे म्हणाले.

चुकलंच त्यांचं, दुसरं काय!

मग ती एकटीच जायला लागली. पहाटे दार लोटल्याचा आवाज यायचा, हे अंथरुणात जागे. पाय धरायला कोण असेल तिचे आता? असं मनात यायचं. मग मनातच म्हणायचे, असेल कुणीतरी. हसण्यासारखं नसलेलं!

आणि एका रविवारी दुपारी, समोर कोलंबीचं सार, भात कालवलेला, आणि संपदा म्हणाली, "बाबा, मला बंगळुरूला नोकरी मिळालीये. दिवसाची ड्यूटी आहे. मी हो कळवलंय. पुढच्या महिन्यात जायचंय."

दिनानाथरावांचा घास हातात. "कधी ठरलं?"

"झाले की दिवस. आईला माहितीये. तुम्हाला सांगायचं होतं... पण राहून गेलं."

"बरं," म्हणाले दिनानाथराव. ह्या माणसाला देवानं बोलण्यासाठी एकच शब्द दिलाय का? बरं! पोरगी घर सोडून चाललीये आणि हा म्हणतोय बरं! मग तो घास तोंडात घालून म्हणाले, "सार छान झालंय." आशालतावहिनींनी ताट उचललं आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. भांड्यांचा आवाज जरा जास्तच आला त्या दिवशी.

निघायच्या आधी क्लासमध्ये तिला निरोप होता. संपदा म्हणाली, "बाबा, चला ना, सगळे विचारतात तुम्हाला." गेले. पट्टा न लावता गेले. तिथं केक नाही, चॉकलेट नाही, बेलामिसनी घरच्या बागेतली वेलची केळ्यांची अख्खी फणी आणलेली, सगळे घाम पुसत केळी खातायत. संग्रामनं येऊन वाकून नमस्कार केला, "काका, सॉरी हां, व्हिडिओ मी लगेच काढून टाकलेला, तुम्हाला वाईट वाटलं ते संपदानं सांगितलं." म्हणजे तिला कळलं होतं! गुडघ्याचं काही नाही, हे तिला पहिल्या दिवसापासून कळलं होतं!

तिकडे ॲलिस्टर मोठ्यानं, "काका, कमबॅक कधी?" आणि इकडे बेलामिसनी ह्यांना बाजूला घेतलं, खिडकीपाशी. मिसांचा आवाज पहिल्यांदाच हळू. म्हणाल्या, "खवणेकर, रागावू नका. एक सांगते. तुम्ही यायचे थांबलात, मग तिचे पाय मीच धरायचे. पोर रोज विचारायची, मिस, जाऊ की नको? आई-बाबांना सोडून जाऊ का? मी म्हटलं, मला काय विचारतेस, बापाला विचार. तर म्हणाली, बाबांनाच विचारणार होते, म्हणून तर त्यांना क्लासला आणलं, दुसरीकडे भेटतात कुठे ते? पण दरवेळी तोंड उघडलं की भोंगा वाजायचा. आणि मग बाबा यायचेच थांबले."

दिनानाथरावांच्या हातात केळं. सोललेलं.

"मग?" त्यांनी विचारलं.

"मग काय, कुणीतरी उत्तर द्यायला पाहिजे ना हो. मीच म्हटलं, जा."

आता तुम्हाला सांगतो, माणसाला भर गर्दीत रडता येत नाही म्हणून केळं खावं लागतं. त्यांनी ते अख्खं केळं तोंडात घातलं. मिसांनी त्यांच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाल्या, "चावून खा."

त्या संध्याकाळी त्यांनी संग्रामला फोन करून तो व्हिडिओ मागवला. का, कुणास ठाऊक! बघितला. पोट, ताडपत्री, भप्प. मागं संपदा. हसतेय. आणि ह्यांना आता दिसलं की ती तोंडावर हात ठेवून हसतेय ते भप्पच्या आधी! भप्प झाल्यावर ती हसतच नाहीये. भप्प झाल्यावर ती धावत येतेय, आणि तेवढ्यात व्हिडिओ संपतो. आधी हसतेय ती, कारण तिचा बाप पडत नाहीये म्हणून. ताडपत्री तर ताडपत्री, टिकून राहिलाय म्हणून! आनंदानं हसतेय हो पोर! एवढं दिसायला माणसाला दोन महिने लागले! चुकलंच त्यांचं, दुसरं काय!

मला म्हणाले, "तिनं विचारलं असतं, तर मी काय सांगितलं असतं?" आम्ही गच्चीत उभे होतो. मी म्हटलं, "काय सांगितलं असतंत?" म्हणाले, "नको जाऊस, असंच म्हणालो असतो बहुतेक. आणि ती राहिली असती. आणि जन्मभर म्हणाली असती, बाबांमुळे राहिले. म्हणजे झालं ते बरंच झालं." मी म्हटलं, "झालंच की मग!" तर म्हणाले, "हो... पण विचारलं असतं ना. नुसतं विचारलं असतं तरी..."

ती गेली. आणि ती गेल्यावर चौथ्या दिवशी पहाटे दिनानाथराव बूट घालायला बसले. आशालतावहिनी उठून आल्या, "कुठं निघालात?" "क्लासला." "आता कशाला?" ह्यांनी नाड्या आवळल्या. कधी नव्हे ते वहिनींनी पाण्याची बाटली भरून दिली.

पार्टनर बेलामिस! आता बाई आयुष्यभर गणित शिकवलेल्या, एक जरी कमी मोजला तर, "खवणेकर, परत!" रविवारी त्यांची चर्चमध्ये मिस्सा, म्हणून तेवढी सुट्टी. बाकी रोज. पावसात, थंडीत. आणि तुम्हाला सांगतो, पोट गेलं हो! कुठं गेलं? गेलं! पॅन्ट्स सगळ्या शिंप्याकडे. 'झाडे' आणि 'लावा' एकत्र आले. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतात. बर्पी मारतात अशी की ॲलिस्टर नव्या लोकांना सांगतो, "काकांना बघा!" तिकडे संपदाला दिवसाची ड्यूटी. म्हणजे आता दोघंही एकाच वेळी जागे, एकाच वेळी जेवणार, एकाच वेळी झोपणार... फक्त मध्ये अर्धा महाराष्ट्र आणि अख्खा कर्नाटक!

गणपतीला संपदा घरी आली. चार दिवसांसाठी. आता दिनानाथरावांच्या मनात काय असेल ते तुम्हाला सांगायला नको. ॲलिस्टरला सांगून ठेवलेलं, उद्या माझी जुनी पार्टनर येणार. मिसांना सांगितलेलं, उद्याचा दिवस तुम्ही दुसरं कुणी बघा. पहाटे उठले, दाढी केली. व्यायामाला जाताना दाढी! बूट घातले, नाड्या बांधल्या, आणि तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले.

ती झोपलेली. गाढ. तोंड उशीत, एक पाय पांघरुणाबाहेर. दिवसाची नोकरी करणारं माणूस पहाटे झोपणारच ना! हे उभे. हाक मारायला तोंड उघडलं... आणि मिटलं. आशालतावहिनी मागून, "अहो, उठवा की!" हे म्हणाले, "झोपू दे." ॲलिस्टरला फोन केला, आज जमत नाही. आणि ते बूट-बीट घातलेले तसेच हॉलमध्ये सोफ्यावर बसले. क्लासची वेळ झाली, होऊन गेली. ऊन आलं. पेपर आला, वाचून झाला, जाहिरातींसकट. वहिनींची गणपतीची आरास पुसून झाली. हे आपले बसलेत, नाड्या बांधून, ही आत्ता उठेल, आत्ता उठेल!

उठली. दहाच्या सुमारास. डोळे चोळत बाहेर आली, बापाला बघितलं. "अय्या बाबा, क्लासला गेला नाहीत?"

"नाही. म्हटलं..." आता तुम्हाला सांगतो, एवढं मोठं वाक्य त्यांनी आयुष्यात तिच्याशी जुळवलं नव्हतं, पहाटेपासून सोफ्यावर बसून जुळवत होते. "म्हटलं, तुला काही विचारायचं असेल, बोलायचं असेल... तर आज मी आहे. निवांत."

संपदानं बघितलं त्यांच्याकडे. हसली. छान हसली हो, मनापासून. जवळ येऊन त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकली आणि म्हणाली, "नाही हो बाबा. काय विचारायचंय? सगळं मस्त चाललंय."

आता 'सगळं मस्त चाललंय' म्हटल्यावर बापानं पुढं काय बोलायचं, तुम्हीच सांगा? आनंदाची गोष्ट आहे! पोरीचं मस्त चाललंय! ह्याच्यासाठीच तर सगळं असतं! दिनानाथराव उठले, म्हणाले, "चहा टाकतो." स्वतः टाकला. आलं किसून, गवती चहा घालून, लहानपणी तिला आवडायचा तसा दुधाळ, गोड गोड. दोन मोठे कप भरून घेऊन आले. तिनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"बाबा, साखर सोडलीये मी. वर्ष होईल आता."

"बरं," म्हणाले.

मग काय! टाकवतो का एवढा चहा? दोन्ही कप त्यांनीच प्यायले, सावकाश, बूट घालून, सोफ्यावर बसून. आणि आता ती एवढी साखर उतरवायची, म्हणजे उद्या पहाटे क्लासला जाणं आलंच की नाही?